जुनी एसयूव्ही घेताना तिचा भरवसा कसा तपासावा? तिच्यात नेहमीचे बिघाड कोणते निघतात?

प्रश्नात दिलेली माहिती अशी: गाडी सात वर्षांची, डिझेल, ऑटोमॅटिक, फोर-व्हील ड्राइव्ह. मीटरवर ८०,००० किलोमीटर. ओळखीच्या माणसाची आहे, चालवून बघितली तर लोण्यासारखी चालली, रविवारी जाऊन व्यवहार पक्का करायचाय. तेव्हा हे मॉडेल भरवशाचं आहे का आणि त्यात काय काय बिघाड निघतात, एवढं सांगा. मॉडेलचं नाव मी मुद्दाम इथे घेत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही मॉडेलला लागू आहे.

‘ओळखीच्या माणसाची’ हे दोन शब्द वाचले आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

चार वर्षांपूर्वी मी अशीच गाडी घेतली. सात सीटची, डिझेल. मला कामासाठी रोज लांब जावं लागतं आणि बरोबर सामान असतं, त्यामुळे छोट्या गाडीत भागत नव्हतं. दोन महिने मी त्या मॉडेलबद्दल मिळेल ते वाचत होते. गाडी दादाच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याची होती. दादानेच शोधली, दादानेच बोलणं केलं, आणि आम्ही दोघं बघायला गेलो ते दुपारी.

गाडी सावलीत उभी होती, धुऊन लख्ख. दारांच्या कडांवरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. बोलता बोलता मी सहज बॉनेटवर तळहात टेकला. पत्रा गरम. कडेला कोमट, मधोमध चांगलाच गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधी इंजिन बराच वेळ चालू होतं. मी विचारलं तर तो म्हणाला, ‘तुम्ही येणार म्हणून धुतली आणि एक चक्कर मारून आणली.’ मग आत बसले. ब्रेकच्या पेडलवर रबर असतं, त्यावर आडव्या रेघा असतात. त्या रेघा उजव्या बाजूला पार पुसून गेल्या होत्या, कोपऱ्यात रबर झिजून खालचं लोखंड चमकत होतं. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबून बसली होती. मीटर सांगत होता ६२,०००. सर्व्हिस बुकात पहिल्या तीन वर्षांचे शिक्के वेगवेगळ्या शाईचे, वेगवेगळ्या अक्षरांतले. त्यानंतरच्या दोन नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या. त्यांचं बिल एकही नाही.

मी दादाला बाजूला घेऊन म्हटलं, एक दिवस थांबू, उद्या सकाळी गाडी लिफ्टवर चढवून मेकॅनिकला दाखवू. दादा माझ्यावरच चिडला. ‘अगं, रोज माझ्या समोरच्या टेबलावर बसतो तो. त्याच्या गाडीखाली माणूस घुसवायचा? काय वाटेल त्याला? आणि हे इंजिन मरत नसतं. डोळे झाकून घे.’

मी घेतली.

सहाव्या दिवशी सकाळी, रात्रभर बाहेर थंडीत उभी राहिलेली गाडी चालू केली आणि पत्र्याच्या डब्यात नटबोल्ट घालून हलवल्यासारखा खडखडाट झाला. चार-पाच सेकंद. मग एकदम गप्प. दादाला फोन केला तर म्हणाला, ‘डिझेल आहे, आवाज करणारच.’ मी स्वतःची समजूत घातली. पुढे आवाजाचे सेकंद वाढत गेले. चौथ्या महिन्यात चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरवर कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टचा मेळ बसत नसल्याचा कोड आला. मेकॅनिकने इंजिन उघडल्यावर मला बोलावून घेतलं आणि माझ्या तळहातावर एक तुकडा ठेवला. टाइमिंग चेनच्या गाइडचा प्लास्टिकचा तुकडा. ही चेन क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट एका मेळात फिरवते, आणि गाइड तिला रांगेत धरून ठेवतो. करपलेल्या साखरेच्या रंगाचा, नखाने दाबला तर कड मोडत होती. असे आणखी तुकडे इंजिनाच्या तळाशी, ऑइल साठतं त्या सम्पमध्ये पडले होते. त्या इंजिनात चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे होती. म्हणजे ती बदलायला आधी गिअरबॉक्स उतरवायचा. गाडी तीन आठवडे उभी होती, आणि जेवढ्याला ती घेतली त्याच्या एक तृतीयांश पैसे दुरुस्तीत गेले.

आता त्या गरम बॉनेटचा याच्याशी काय संबंध, ते नीट सांगते, कारण तुमच्या रविवारसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. बहुतेक इंजिनांत चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरतं. सकाळी किल्ली फिरवल्यावर दाब तयार व्हायला एक-दोन सेकंद लागतात. चेन झिजून लांबली असेल, टेन्शनर थकला असेल, तर त्या वेळात ती सैल होऊन गाइडवर आपटते, आणि दाब आला की आवाज थांबतो. इंजिन नुकतंच चालून बंद केलेलं असेल तर टेन्शनर ऑइलने भरलेलाच असतो, आवाज येतच नाही. थंड इंजिन तापवून चालू करून देणारे ग्लो प्लग गेले असतील तर स्टार्टला होणारा त्रास, वाल्व्ह सीलमधून रात्रभर ठिबकलेल्या ऑइलचा निळा धूर, हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या पातळ सीलमधून, सिलेंडरमध्ये झिरपलेल्या कूलंटचा पांढरा धूर, हे सगळंही पहिल्या मिनिटातच दिसतं. गरम इंजिनावर यातलं बरंचसं लपतं. गाडी ‘लोण्यासारखी चालली’ असं तुम्ही लिहिलंय. माझीही चालली होती.

चेन अशी लांबते त्याचं एक मोठं कारण ऑइल वेळेवर न बदलणं. डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये काजळी मिसळत जाते. ऑइल जुनं झालं की ती काजळी चेनच्या पिनांना पॉलिश पेपरसारखी घासत राहते. म्हणजे त्या दोन खोट्या नोंदी आणि तो खडखडाट यांचं मूळ एकच होतं, आणि त्या नोंदी आणि तो आवाज लपवणारं गरम बॉनेट, दोन्ही त्या दुपारी माझ्यासमोर होतं.

मीटरचं नंतर कळलं. गॅरेजने चेसिस नंबरवरून जुना रेकॉर्ड काढला. मी गाडी घेण्याच्या दोन वर्षं आधीच्या बिलावर १,१८,००० किलोमीटर लिहिले होते. दादाच्या सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मीही दुसऱ्याकडून घेतली होती, माझ्याकडे आली तेव्हा मीटर कमीच होता. तो खरं बोलत असेल. मला अजूनही वाटतं की तो खरंच बोलत होता. पण माणूस खरा असला म्हणून त्याच्या गाडीचा मीटर खरा ठरत नाही. त्याला स्वतःलाच आपल्या इंजिनात काय चाललंय ते माहीत नव्हतं, तर त्याच्या चांगुलपणावरून ते दादाला कुठून कळणार होतं?

दादा आजही म्हणतो, ‘सेकंड-हँड म्हणजे नशिबाचा खेळ.’ घरात चार माणसं जमली की हे वाक्य येतंच, आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. नशीब नव्हतं ते. बॉनेट गरम होतं, पेडल झिजलेलं होतं, शिक्के एका हाताचे होते. तीन खुणा होत्या आणि तिन्ही मी पाहिल्या होत्या. फक्त कुणाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसले.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मॉडेल भरवशाचं आहे का, हे कळायची साधनं आहेत. जर्मनीत गाड्या तपासणाऱ्या टीयूव्ही या संस्थेचा दरवर्षी अहवाल निघतो, त्यात कायद्याने सक्तीच्या तपासणीत कुठलं मॉडेल कितव्या वर्षी किती दोष दाखवतं ते असतं. तिथल्याच एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेची रस्त्यात बंद पडणाऱ्या गाड्यांची आकडेवारी असते. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ग्राहकांची संस्था मालकांना विचारून तक्ते बनवते. ब्रिटनमध्ये तर नुसत्या नंबर प्लेटवरून त्या गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो, दर वेळचा मीटरचा आकडा आणि नापास झाल्याची कारणं यांसकट. तुम्ही जिथे आहात तिथे असं काही असेल तर जरूर बघा. पण मॉडेलच्या कीर्तीवरून एवढंच कळतं की शोधायचं कुठे. समोर उभ्या असलेल्या गाडीत ते घडलंय की नाही, हे त्यातून कळत नाही. ‘हे इंजिन मरत नाही’ हे वाक्य मी ज्या इंजिनाबद्दल ऐकलं, त्याच जातीची इंजिनं वेळेवर ऑइल मिळाल्यावर खरोखर खूप चालतात. माझ्या वाट्याला आलेलं उपाशी ठेवलेलं होतं.

डिझेल एसयूव्हीत पहिली शंका डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. तो साफ व्हायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि ते लांब, सलग चालवण्यात नीट मिळतं. गाडी फक्त शाळा आणि बाजार एवढ्यावरच फिरली असेल तर ही सफाई अर्ध्यातच थांबते आणि त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक काढून बघा. ऑइल कमी असणं वाईटच, पण वरच्या खुणेच्याही वर गेलेलं असेल आणि वासाला डिझेल लागत असेल तर ते जास्त वाईट. सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. फिल्टर धड असलेल्या गाडीचं टोक बऱ्यापैकी स्वच्छ असतं. बोट दाट काळं झालं तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय. तो काढणं कितीतरी देशांत बेकायदा आहे आणि ते तुमच्या गळ्यात पडेल. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर वाल्व्हही काजळीने जाम होतो, पण त्याचा खर्च त्या मानाने सोसण्यासारखा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. झेडएफ ही इतक्या साऱ्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी कंपनी स्वतःच आपल्या ऑटोमॅटिकसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. तुमची गाडी नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. बदललं असेल तर बिल मागा. नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. चालवताना दुसरा-तिसरा गिअर पडताना धक्का बसतो का, डी आणि आर यांच्यात हलवल्यावर गाडी पकड घ्यायला वेळ लावते का, हे थंड असताना एकदा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा.

फोर-व्हील ड्राइव्हच्या बाबतीत टायर बघा, आणि चारही बघा. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत दोन नवे आणि दोन झिजलेले टायर असतील तर त्यांचा घेर वेगळा असतो, आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलला किंवा कपलिंगला तो फरक रात्रंदिवस झेलावा लागतो. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२वा आठवडा. मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा. टकटक आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा, गाडी अडकत-धक्के देत फिरली तर ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वळवणारा भाग) किंवा डिफरन्शियल.

बाकी खालून. लिफ्टवर चढवल्याशिवाय एसयूव्ही घेऊच नये. वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर (चेसिसवर) बांधलेली असेल तर मागच्या एक्सलच्या वरचा भाग बघा, तिथे चिखल साठतो आणि गंज आतून खातो. छोट्या हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज हवा, बद्द नको. नुकताच काळा रंग मारलेला असेल तर का मारला ते विचारा. बुश, लिंक रॉड, शॉकअब्सॉर्बर हे सात वर्षांच्या जड गाडीत गेलेले असायचेच, त्यावर व्यवहार मोडू नका, भाव पाडा.

स्कॅनर लावताना नुसते एरर कोड बघू नका. विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसणं दोन मिनिटांचं काम आहे. पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही ‘अपूर्ण’ दाखवायला लागतात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला बरंच, वेगवेगळ्या वेगांनी चालवावं लागतं. तेव्हा कोड एकही नाही आणि अर्ध्याअधिक चाचण्या अपूर्ण, असं दिसलं तर कुणीतरी नुकताच हात फिरवलाय, नाहीतर बॅटरी काढली होती. गाडीने स्वतःची तपासणी करून कोड देण्याची ही ओबीडी-टू पद्धत अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झाली, बाकी जगाने मागाहून उचलली. सात वर्षांच्या गाडीत ती असणारच.

चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. काचेखाली, दाराच्या चौकटीवर आणि कागदांवर तोच आहे का बघा आणि त्यावरून रिकॉलची, म्हणजे दोषामुळे कंपनीने ती गाडी दुरुस्तीला परत बोलावली आहे का याची, चौकशी करा. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगच्या प्रकरणात जगभर सुमारे १० कोटी इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या डब्या, परत मागवावे लागले. आतलं अमोनियम नायट्रेट हे स्फोटक उष्णतेने आणि दमट हवेने बिघडून इन्फ्लेटर फुटायचे आणि धातूचे तुकडे अंगात घुसायचे. त्यातल्या किती गाड्या दुरुस्त न होताच हातोहात विकल्या गेल्या. रिकॉलचं काम फुकट होतं, फक्त विचारावं लागतं.

विचारायची लाज हाच खरा अडसर आहे. मी नंतर मैत्रिणींसाठी तीन गाड्या बघितल्या आणि तिन्ही वेळा आधीच फोनवर सांगितलं: गाडी सकाळपासून चालू करू नका, आम्ही लिफ्टवर दाखवणार आहोत, मेकॅनिकचे पैसे आमचे. दोघांनी लगेच हो म्हटलं. तिसरा म्हणाला, विश्वास नसेल तर येऊ नका. आम्ही गेलो नाही. दादाच्या मते तो माणूस दुखावला असेल. असेल. इतक्या साध्या मागणीने दुखावणाऱ्याची गाडी मी घेणार नाही, मग तो ओळखीचा असो की नात्यातला. उलट ओळखीच्या माणसाकडून घेताना तर जास्त तपासावं, कारण पुढे बिघडली तर पैशाबरोबर नातंही जातं. दादा आणि तो सहकारी आता एकमेकांशी बोलत नाहीत. त्या दुपारी लिफ्टवर तासभर गेला असता तर आज बोलत असते.

काही गोष्टी लिहायच्या राहिल्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर लगेच हेड गॅस्केट समजू नका. छोट्या फेऱ्यांमुळे वाफ साठूनही ती येते. डिपस्टिकवरही तसंच दिसलं आणि कूलंटही कमी होत असेल तर मात्र काळजीचं आहे. गोल फिरवायची परीक्षा हाताने लीव्हर टाकून फोर-व्हीलमध्ये घालायच्या गाडीवर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील चालू ठेवून करू नका, ती तशी अडखळणारच, त्यात दोष नाही. जास्त किलोमीटर झालेल्या गाडीला घाबरू नका. पूर्ण बिलं असलेली दीड लाखाची गाडी मी बिलं नसलेल्या साठ हजाराच्या गाडीआधी घेईन. माझ्या गाडीत टाइमिंग चेन होती, तुमच्या गाडीत चेनच्या जागी बेल्ट असेल तर वरचं खडखडाटाचं सोडा आणि बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. आणि इतकं सगळं बघूनही गाडी बिघडू शकते, तेव्हा हातातला सगळाच पैसा संपवून गाडी घेऊ नका.

रविवारी जाताना सकाळची पहिली वेळ घ्या आणि आदल्या रात्रीच कळवून ठेवा. किल्ली फिरवायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर भांडू नका, ‘उद्या सकाळी पुन्हा येतो’ म्हणा आणि खरंच जा. थंड असेल तर कूलंटच्या टाकीचं झाकण तेव्हाच उघडून बघा, इंजिन गरम झाल्यावर त्याला हात लावू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. मग खिडक्या खाली करून, रेडिओ आणि एसी बंद ठेवून, गाडी दुसऱ्याला चालू करायला सांगा आणि स्वतः बाहेर बॉनेटजवळ उभे राहा.